हडळीची पावलं मागील दारी

२०२४ साली नरक चतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरला आली. भिंतीवरच्या कालनिर्णयात असं काही कुणी मुद्दाम शोधायला जात नाही, पण आमच्या थोरल्या नातवाने शोधलं होतं. त्या रात्री पुण्याला त्यांच्या सोसायटीत हॅलोविन असतं. पोरं भुताखेतांचे कपडे घालून मजल्यामजल्यावर फिरतात, बेल वाजवतात आणि पिशवी भरून चॉकलेटं आणतात. ते सोडून दिवाळीला गावी यायचं म्हणजे त्याच्या हिशेबी सरळ तोटा. गाडीतून उतरला तो गाल फुगवूनच. धाकटीला त्यातलं फारसं कळत नव्हतं, पण दादा रुसलाय म्हटल्यावर तीही रुसली.

मी म्हटलं, "भुतांसाठी पुण्यात कशाला राहायला हवं? भुतं सगळी आमच्याकडे."

हे मी काही पोराची समजूत घालायला म्हटलं नव्हतं. आमचं घर वेंगुर्ले तालुक्यात, शिरोड्याच्या जवळ. शेजारी आरवली, आणि आरवलीला वेतोबा. वेताळ म्हणजे भुतांचा राजा, बाकीचं जग त्याला भिऊन असतं, पण आमच्याकडे तो गावाचा राखणदार. नवस फेडायला लोक त्याला केळीचे घड वाहतात आणि चामड्याच्या चपला. रात्री तो गावावर फेरी घालतो, चालून चालून चपला झिजतात, म्हणून नवीन. दुसऱ्या दिवशी पोरांना तिकडे नेलं. त्या जाडजूड चपलांच्या शेजारी थोरल्याने आपला पाय ठेवून बघितला. त्याचे दोन पाय एकापुढे एक ठेवले तरी चप्पल पुढे उरतच होती.

"आजी, ह्याचा नंबर काय असेल?"

आबांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, गंभीरपणे सांगितलं, "त्याच्या मापाचं दुकानात मिळत नाही. चांभाराकडे सांगून करून घ्यावं लागतं." भुताच्या राजाला पायताण लागतं, ते कुणीतरी माणूस मापाने शिवतो आणि देवापुढे आणून ठेवतो, ही गोष्ट नातवाला एवढी पटली की परतीच्या वाटेवर रुसवा कुठे गेला ते त्यालाही कळलं नसेल.

चावदिवशी, म्हणजे नरक चतुर्दशीला, पहाटे नरकासुर. आमच्या ह्या दक्षिण कोकणाच्या पट्ट्यात, गोव्यासारखाच, नरकासुराचा पुतळा करतात. वाडीतली मुलं-मुली आठवडाभर गवत, कागद, बांबू जमवत असतात. मुखवटा रंगवायचं काम मात्र एकाच्याच हाती, त्यात दुसऱ्याने बोट घातलं की भांडण. ह्या वर्षीच्या नरकासुराला दात बाहेर, जीभ छातीपर्यंत आणि डोळ्यांत लाल दिवे. रात्रभर ढोल, मिरवणूक, आणि उजाडायच्या आत त्याला आग. धाकटी माझ्या कमरेला मिठी मारून, एक डोळा माझ्या पदरात लपवून, दुसऱ्याने टक लावून बघत होती. ह्या वयाच्या पोराला भीतीची चव अशीच लागते, एक डोळा झाकलेला आणि हात आपल्या माणसाच्या कमरेला. एकट्याने मोबाइलवर भुताचा व्हिडिओ बघणारं पोर मला बघवत नाही. ते घाबरतं, पण कुणाला बिलगावं ते त्याला ठाऊक नसतं.

मग तेल, उटणं, अंघोळ, आणि तुळशीपुढे कारीट. थोरल्याने डाव्या पायाच्या अंगठ्याखाली ते एवढंसं फळ "गोविंदा!" म्हणत फोडलं, रस जिभेला लावला आणि तोंड असं केलं की नरकासुर परवडला. नंतर घरोघर पोहे. दुधातले, ताकातले, गूळखोबऱ्याचे, फोडणीचे, आणि बरोबर काळ्या वाटाण्याची उसळ. ह्या घरून त्या घरी, प्रत्येक ठिकाणी "बस, खाऊन जा". दुपारी दोघं पडवीत आडवी झाली ती उठेनात.

एवढं झाल्यावर हॅलोविन विसरतील असं मला वाटलं होतं. पण चारच्या सुमाराला थोरला पुढे येऊन उभा. "आजी, तू म्हणाली होतीस ना भुतं तुमच्याकडे. मग?"

आता भोपळा पाहिजे. भोपळा होता, माळ्यावर, घारग्यांसाठी राखलेला. अख्ख्या भोपळ्यावर पहिला घाव बाईने घालायचा नाही, हा आमच्याकडचा नियम. जाऊबाई तो अजून कडक पाळतात, मीही पाळते, का ते विचारू नये. ह्यांनी कोयत्याने वरची चकती उडवली आणि पुढचं काम माझ्याकडे आलं. आतला गर चमच्याने खरवडून काढायला चांगला वेळ लागतो. हाताला तो पिवळा चिकटपणा बसतो, बिया बोटांतून निसटतात, आणि साल शेवटी इतकी पातळ करायची की बाहेरून उजेडाची लाली दिसावी. डोळे त्रिकोणी काढले. तोंड काढताना सुरी सटकली, त्यामुळे आमचं भूत एका बाजूने हसत होतं. वाया काही जाऊ दिलं नाही. गराचा कीस गुळात शिजवला, तांदळाचं पीठ घातलं, घारगे थापून तळले. रात्री दारावर येणाऱ्या भुतांना द्यायला काहीतरी हवंच होतं.

भोपळा एकच, आणि वाडीतली पोरं तोवर दहा-बारा जमलेली. तेव्हा करवंट्या काढल्या. नारळाच्या डोळ्यांकडची अर्धी करवंटी घेतली की चेहरा आयताच असतो, तीन डोळे आणि भोवती दाढी. सळई तापवून डोळे आरपार केले, आत मेणबत्ती बसवली. आबा म्हणाले, ह्याला एक पैसाही खर्च नाही. त्यांना कुठल्याही गोष्टीत ते आधी दिसतं.

मेणबत्त्या मात्र घरात नव्हत्या. पणत्या भरपूर, पण करवंटीत पणती राहात नाही. पलीकडच्या ख्रिस्ती शेजारणीकडे पोरांना पाठवलं. तिने डब्यातून एक पुडकं काढून दिलं आणि मागोमाग स्वतःही आली, काय चाललंय ते बघायला. त्या मेणबत्त्या तिने २ नोव्हेंबरसाठी आणल्या होत्या. १ तारखेला त्यांच्यात सगळ्या संतांचा सण, २ तारखेला मेलेल्या माणसांचा दिवस. त्या दिवशी ती दरवर्षी नवऱ्याच्या आणि सासूच्या कबरीवर फुलं वाहते, मेणबत्ती लावते. संतांच्या सणाची आदली रात्र म्हणजेच हे हॅलोविन. म्हणजे पुण्याच्या सोसायटीत अमेरिकेहून आलेला म्हणून जो सण साजरा होतो, त्याच्या पुढचे दोन्ही दिवस आमच्या कुंपणापलीकडे पिढ्यान् पिढ्या पाळले जातायत. मुखवटे आणि भोपळे सोडून. भोपळ्याचं तिला हसू आलं. "आमी ह्या कधी केला नाय गो," म्हणाली, आणि करवंटीतली मेणबत्ती कशी सरळ बसवायची ते पोरांना दाखवायला खाली बसली.

भोपळ्याची गोष्ट थोरल्याला माहीत होती. आयर्लंडमध्ये म्हणे एक कंजूष, लबाड माणूस होता. त्याने सैतानालाच फसवलं, त्यामुळे मेल्यावर त्याला स्वर्गात घेईनात आणि नरकातही घेईनात. हातात पोखरलेला सलगम, त्यात एक निखारा, आणि तो आपला फिरतोय अंधारात. तिकडचे लोक आधी सलगमच कोरायचे. एकोणिसाव्या शतकात दुष्काळाने पळालेले आयरिश अमेरिकेत गेले, तिथे त्यांना भोपळा मिळाला. मोठा, मऊ, कोरायला सोपा. मी म्हटलं, आमचा देवचार, म्हणजे गावाची राखण करणारं भूत, तोही असाच रात्री चूड घेऊन बांधावरून जातो, पण तो वाट चुकलेल्याला घरी आणून सोडतो. "फुकट?" थोरल्याने विचारलं. फुकट नाही, त्याला पान, विडी, नारळ द्यावा लागतो. आमच्या भुतांना काहीतरी दिल्याशिवाय चालत नाही.

आणि त्यांना पत्ता असतो. मुंजा म्हटला की अमक्यांच्या पाणंदीतला पिंपळ. चकवा फक्त तळीच्या वरच्या आडवाटेवर. गिऱ्हा खाडीच्या त्या वळणावर, जिथे पाणी काळं दिसतं. खवीस, समंध, ब्रह्मराक्षस, सगळ्यांची घरं ठरलेली. आपण त्या वाटेने जायचं नाही, गेलोच तर हाक मारली तरी मागे बघायचं नाही, एवढं पाळलं की त्यांचा त्रास नाही. लहानपणी मला वाडीतली जिवंत माणसं आणि मेलेली माणसं मिळून एकच यादी पाठ होती.

हडळ आमच्या विहिरीची.

मीच हडळ व्हायचं ठरलं होतं. पांढरं पातळ होतं, केस मोकळे सोडले, जे आहेत ते. तेवढ्यात धाकटीने विचारलं, "आजी, हडळ आधी कोण असते?"

ह्या प्रश्नाला उडवाउडवीचं उत्तर देता आलं असतं. पण विहीर आमची आणि गोष्टही आमची. ह्यांची एक काकी बाळंतपणात गेली. आषाढाचे दिवस, तेव्हा खाडीवर पूल नव्हता, होडी त्या पाण्यात कोण घालणार, आणि डॉक्टर पलीकडे. मूल जगलं, ती गेली. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते असं लोक धरूनच चालायचे. त्यामुळे वर्षभरात तिला विहिरीवर बघितल्याचं सांगणारी माणसं निघाली. कुणी म्हणे केस सोडून बसली होती, कुणी म्हणे पाय उलटे होते. सासूबाईंनी मात्र घरात तो शब्द कधी उच्चारू दिला नाही. पितृपक्षात अविधवा नवमीला त्या एका सवाष्णीला जेवायला बोलवायच्या, खण आणि हिरव्या बांगड्या द्यायच्या, पानात अळूचं फतफतं हटकून असायचं कारण काकीला ते आवडायचं. दिवसा ती आमच्याकडे पितर आणि रात्री वाडीला हडळ, बाई तीच. ह्या गोष्टीचा मला नव्या नवरीपणी राग यायचा. आता वाटतं, त्या काळी प्रत्येक वाडीत अशी एक विहीर असायची, म्हणजे किती बायका अशा गेल्या असतील. त्यांची नोंद कुठल्या कागदावर नसेल, हडळींच्या गोष्टींत आहे.

धाकटीला मी एवढंच सांगितलं की बाळ जन्माला घालताना जी वारली तिला लोक उगाच घाबरायचे.

"आणि तिचं बाळ?"

"ते बघ, पडवीत सुपारी कातरतायत."

आप्पा. सत्तरी ओलांडलेले, ह्यांचे चुलतभाऊ, दिवाळीला दरवर्षी आमच्याकडेच असतात. धाकटी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. नीट वरून खालपर्यंत बघून घेतलं. मला धावत जाऊन तिचं तोंड दाबावं असं झालं, पण पाय उचलेनात.

"आप्पाआजोबा, तुमची आई हडळ आहे का?"

आडकित्ता थांबला. आप्पांनी सुपारीची खांडं डब्यात टाकली, हात झटकले आणि म्हणाले, "आसली तर बराच गो. एक दिवस भेटाक तरी मेळात."

मग ते उठून माझ्याकडे आले. म्हणाले, वहिनी, हडळ करतेस ती नीट कर, पाय उलटे पाहिजेत. आमच्या आवशीचं नाव आहे.

पाय उलटे कसे करायचे ह्यावर बराच खल झाला. चपला उलट्या बांधून बघितल्या, दोन पावलांत घसरल्या. शेवटी आप्पांनीच युक्ती काढली. तांदळाच्या पिठाच्या घोळात पाय बुडवायचे आणि विहिरीपासून घराच्या मागच्या दारापर्यंत पाठमोरं चालत यायचं, म्हणजे ठशांवरून उलट्या पायांची बाई दारात आल्यासारखं दिसेल. जाऊबाईंनी हे ऐकलं आणि स्वयंपाकघरातून हातातल्या झाऱ्यासकट बाहेर आल्या. "गो बाय माझ्या! उद्या लक्ष्मी येतली ती ही पावला बघून तशीच पाठी जातली!"

खरंच होतं. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन, पुढच्या दारात ह्याच पिठाची लक्ष्मीची पावलं काढायची होती, आत येणारी. मी म्हटलं, जाऊबाई, एक तर हे मागील दारी आहे, लक्ष्मी पुढून येते. आणि ठसे कसे पडतील ते बघा, बोटं विहिरीकडे असणार. बघणाऱ्याला घरातून कुणीतरी बाहेर गेलेलं दिसणार. आपण लक्ष्मीपूजनाच्या रात्री अवदसा बाहेर काढतो ना केरसुणीने, ती एक दिवस आधीच निघाली समजा. त्यांनी विहिरीकडे बघितलं, बोट वळवून दिशा मोजली आणि काही न बोलता आत गेल्या. घारग्यांचा दुसरा घाणा तेलात सोडल्याचा आवाज आला.

पाठमोरं चालायला ह्या वयात फार अवघड जातं. आबांनी माझं कोपर धरलं होतं. लग्नात सप्तपदीला आम्ही एवढं जपून चाललो नव्हतो. खळं शेणाने सारवलेलं, ओलसर, पीठ पायाला गार लागत होतं आणि टाच टेकेपर्यंत पुढे, म्हणजे मागे, काय आहे ते कळत नव्हतं. मध्येच ते म्हणाले, "डावीकडे घे, जास्वंद आहे." मला हसू फुटलं, त्यांना फुटलं, आणि तीन-चार ठसे फिसकटले. आप्पांनी ते तसेच ठेवायला सांगितले. म्हणाले, हडळ लंगडली असेल.

काळोख पडल्यावर वाडीत फेरी निघाली. पुढे भोपळा, मागे करवंट्या. थोरल्याने पुण्याहून आणलेला सांगाड्याचा झगा घातला होता, अंधारात हाडं चमकणारा. पण खरा भाव खाऊन गेला तो शेजारचा पोरगा, त्याच्या मामाचा संकासुराचा काळा वेष घालून आलेला. मामा दशावतारात, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, संकासुर करतो. दशावतारातला हा राक्षस वेद चोरतो आणि विष्णूच्या हातून मरतो, पण मरेपर्यंत मालवणीत असा काही बोलतो की लोक त्याच्यासाठीच जागे राहतात. थोरल्याने पहिल्या दारात "ट्रिक ऑर ट्रीट!" म्हटलं, म्हणजे खाऊ द्या, नाही तर खोडी काढू. आतून म्हातारा आवाज आला, "शिमगो इलो काय रे इतक्यात?"

आवाज देणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. शिमग्यात आमच्याकडे पोरं सोंगं काढून दारोदार जातात आणि "शबय" मागतात, म्हणजे पैसे. न देणाऱ्याच्या नावाने बोंब, आणि रात्री कुणाच्या तरी बागेतले नारळ, कुंपणाची लाकडं होळीसाठी गायब. तेव्हा ट्रिक काय असते हे आमच्या वाडीला समजावून सांगायला लागलं नाही. पुढच्या घरी बाई म्हणाल्या, "सकाळी फोव खाऊन गेलास, आता परत काय व्हया?" आणि तरी चकल्या घातल्याच. पिशवीत लाडू, करंज्या, एका घरून काजूगर, एका घरून पाच रुपयांचं नाणं. चॉकलेट एकच मिळालं, ख्रिस्ती शेजारणीकडून.

जुन्या काळी इंग्लंडात ह्याच दिवसांत गरिबांची पोरं दारोदार जायची, लोक त्यांना छोटे केक द्यायचे आणि त्या बदल्यात पोरं त्या घरच्या मेलेल्यांसाठी प्रार्थना करायची. दारातल्या पोराच्या हातावर ठेवलेलं मेलेल्याला पोचतं, ही समजूत तिथेही होती. आमच्याकडे ते काम कावळा करतो, नवमीला सवाष्ण करते.

शेवटची फेरी आमच्या मागील दारी. ठसे बघून दोन-तीन बारकी पोरं तिथूनच वळली. उरलेली विहिरीकडे बघत एकमेकांना पुढे ढकलत होती, आणि मी न्हाणीच्या आडून, पातळ डोक्यावरून घेऊन, जो काही आवाज काढला तो मला माझ्यात आहे हे माहीत नव्हतं. संकासुर सर्वात आधी पळाला. सांगाडा भोपळ्यावर आपटला. धाकटी मात्र किंचाळत सरळ माझ्याच अंगावर आली आणि माझ्याच पातळात तोंड खुपसलं.

घारगे सगळे संपले. झोपायच्या आधी धाकटीने ते एकुलतं एक चॉकलेट विहिरीच्या कठड्यावर ठेवलं. सकाळी ते नव्हतं. आप्पांनी काही न बोलता विहिरीकडे बघून मान हलवली, आणि दुपारी सुनेला थोरल्याच्या खिशात चॉकलेटचा कागद सापडला.

नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो गेले तेव्हा एकाने लिहिलं, "हे आपलं नव्हे, आपली संस्कृती जपा." तो मुंबईला असतो आणि दर मे महिन्यात येऊन आमच्याकडचे काजू किलोने नेतो. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला, आता वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या जाती आमच्या गावाचं नाव लावून फिरतायत. भोपळाही मूळचा अमेरिका खंडातलाच. मी उत्तर दिलं नाही. सगळ्यांना दाखवायला भोपळ्याचा आणखी एक फोटो टाकला, मेणबत्ती विझल्यानंतरचा, ज्यात त्याचं तोंड जास्तच वाकडं दिसत होतं.

पोरं पुण्याला गेल्यावर आठवड्याने फोन आला. थोरल्याने माझा व्हिडिओ सोसायटीत दाखवला होता. पुढच्या वर्षी ३१ ऑक्टोबर दिवाळीनंतर येतो, शाळा सुरू असेल, तेव्हा आजीनेच पुण्याला यायचं आणि पार्किंगमध्ये हडळ व्हायचं, असं पोरांनी परस्पर ठरवलं होतं. मी फोन स्पीकरवर ठेवला होता. तांदूळ निवडता निवडता जाऊबाई म्हणाल्या, "पुण्याक मी पण येतलंय. आणि हडळ मी होतलंय. तू फुगलंस, हडळ अशी गुबगुबीत नसता."